शिकागो महानगरातील स्थानिक निवडणुका

शिकागो महानगरातील स्थानिक निवडणुका : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्याच्या शिकागो शहरात महापौर, नगरपरिषदेचे सभासद, नगर-चिटणीस, कोषपाल आणि काही स्थानिक मंडळांचे सभासद निवडण्यासाठी होणाऱ्या निवडणुका. मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर वसलेले हे शहर लोकसंख्येच्या दृष्टीने न्यूयॉर्क व लॉस अँजेल्स यांच्या खालोखाल देशात तिसरे असून २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सु. २७ लाख ४६ हजार होती. येथील निवडणुकांचा इतिहास नगरराजकारणाच्या अभ्यासात विशेष महत्त्वाचा मानला जातो. मतदानाचा निकाल मतदानाच्या दिवशीच ठरतो असे नाही. उमेदवार कोण ठरवितो, प्रभागांच्या सीमा कोण आखतो, नोकऱ्या कोणाच्या हाती असतात आणि विजयासाठी किती मते पुरेशी मानली जातात, या आधीच्या प्रश्नांवर तो पुष्कळसा अवलंबून असतो. शिकागोच्या सुमारे दीडशे वर्षांच्या अनुभवातून ही गोष्ट जितक्या स्पष्टपणे दिसते, तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

नगरशासनाची रचना : शिकागोला स्वतःची अशी सर्वंकष नगरसनद नाही. शहराचा कारभार इलिनॉय राज्याच्या नगरविषयक कायद्यांनुसार चालतो. १९७० च्या राज्यसंविधानाने मोठ्या शहरांना स्थानिक बाबींत स्वशासनाचे व्यापक अधिकार दिले. तथापि निवडणुकीची मूलभूत चौकट आजही मुख्यतः राज्यविधिमंडळच ठरविते.

महापौर हा परिषदेने निवडलेला मानाचा अध्यक्ष नसून सर्व शहरातील मतदारांनी थेट निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो. खातेप्रमुखांच्या नेमणुका तो परिषदेच्या संमतीने करतो, अंदाजपत्रक मांडतो आणि परिषदेच्या बैठकांचे अध्यक्षस्थान भूषवितो. समसमान मते पडल्यास तो निर्णायक मत देऊ शकतो. परिषदेने संमत केलेल्या वटहुकुमांवर त्याला नकाराधिकार असून तो रद्द ठरविण्यासाठी दोन-तृतीयांश, म्हणजे ५० पैकी ३४ मते लागतात. नगर-चिटणीस व कोषपाल हेही सर्व शहरातून निवडले जातात. या तिन्ही पदांची व परिषदेची मुदत चार वर्षांची असते.

नगरपरिषदेत ५० सभासद असतात. प्रत्येक प्रभागातून एक. या सभासदास परंपरेने ‘ऑल्डरमन’ म्हणत. २०२१ मध्ये राज्यविधिमंडळाने त्याऐवजी ‘ऑल्डरपर्सन’ ही लिंगनिरपेक्ष संज्ञा कायद्यात स्वीकारली. शिकागोत एका प्रभागाची लोकसंख्या सरासरी ५५ हजारांच्या आसपास भरते. लॉस अँजेल्सच्या परिषदेत केवळ १५ व न्यूयॉर्कच्या परिषदेत ५१ सभासद आहेत. त्या दोन्ही शहरांची लोकसंख्या लक्षात घेता शिकागोचा सभासद आपल्या मतदारांच्या बराच जवळ असतो. पदपथाची दुरुस्ती, कचऱ्याची व्यवस्था, दुकानाचा परवाना किंवा घराचे वाढीव बांधकाम अशा कामांसाठी रहिवासी प्रथम त्याच्याकडेच जातात. प्रभागातील जमिनीच्या वापराविषयी त्या प्रभागाच्या सभासदाचा शब्द इतर सभासदांनी मानावा, असाही एक संकेत येथे दीर्घकाळ रूढ आहे. या संकेतामुळे सभासदाला मिळणारे सामर्थ्य कायद्याच्या पुस्तकात दिसते त्याहून अधिक आहे आणि त्यातूनच लाचलुचपतीची अनेक प्रकरणे उद्भवली आहेत. १९७० नंतरच्या अर्धशतकात परिषदेचे तीसहून अधिक आजी-माजी सभासद न्यायालयात दोषी ठरले. १९६९ पासून २०२३ पर्यंत परिषदेत असलेला एडवर्ड बर्क हा डिसेंबर २०२३ मध्ये दोषी ठरला व २०२४ मध्ये त्यास दोन वर्षांची कारावासाची शिक्षा झाली.

निवडणूकपद्धती : मतदानाची पहिली फेरी फेब्रुवारीतील शेवटच्या मंगळवारी होते. एकूण मतांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळविणारा उमेदवार तेव्हाच निवडून येतो. तसे न झाल्यास पहिल्या दोन क्रमांकांच्या उमेदवारांमध्ये एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी निर्णायक फेरी होते. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. परिषदेच्या निवडणुकीत ही पक्षनिरपेक्ष पद्धत १९२० नंतरच्या दशकापासून आहे. महापौर, नगर-चिटणीस व कोषपाल या पदांना ती १९९५ च्या कायद्याने लागू करण्यात आली व १९९९ च्या निवडणुकीत प्रथम अंमलात आली. प्रत्यक्षात बहुतेक सर्व प्रमुख उमेदवार डेमॉक्रॅटिक पक्षाशी संबंधित असतात. त्यामुळे स्पर्धा दोन पक्षांत नसून एकाच पक्षातील गट, वंशसमूह, कामगार संघटना आणि व्यापारी हितसंबंध यांच्यात असते.

उमेदवारीसाठी नोंदणीकृत मतदारांच्या सह्यांचे अर्ज सादर करावे लागतात. २०२३ च्या निवडणुकीत महापौरपदासाठी किमान १२,५०० आणि परिषदेच्या सभासदत्वासाठी ४७३ ग्राह्य सह्या आवश्यक होत्या. या सह्यांवर कोणाही मतदारास हरकत घेता येते. सही करणारा त्याच प्रभागात राहतो काय, सही नोंदणीपत्रकातील सहीशी जुळते काय, यांची एकेक करून छाननी होते. त्यामुळे अनुभवी उमेदवार गरजेच्या दुपटी-तिपटीने सह्या गोळा करतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या सह्या तपासण्यासाठी वकिलांची नेमणूक करतात. मतदारांपुढे जाण्यापूर्वीच अनेक नवखे उमेदवार या छाननीत बाद होतात. लोकांच्या निवडीवर पडणारी ही पहिली मर्यादा होय.

निवडणुकांची व्यवस्था तीन सभासदांचे निवडणूक आयुक्त मंडळ पाहते. मंडळाच्या सभासदांची नेमणूक कुक परगण्याचे मंडल न्यायालय करते. ही व्यवस्था १८८५ च्या कायद्यावर आधारलेली असून, मतगणना सत्तारूढ पुढाऱ्यांच्या हाती राहू नये, हा तिचा मूळ हेतू होता. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व शहरात राहणाऱ्या नागरिकास मताधिकार आहे. केंद्रीय मतदानहक्क कायद्यातील भाषाविषयक तरतुदींमुळे इंग्रजीखेरीज स्पॅनिश, चिनी व हिंदी या भाषांतही निवडणूक-साहित्य उपलब्ध केले जाते. शहरात व उपनगरांत स्थायिक झालेल्या भारतीयांची वाढती संख्या हिंदीच्या समावेशामागे आहे.

प्रारंभीचा इतिहास : शिकागोला १८३३ मध्ये गावाचा व ४ मार्च १८३७ रोजी शहराचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी विल्यम ऑग्डेन हा पहिला महापौर म्हणून निवडून आला. महापौराची मुदत आरंभी एक वर्षाची होती; १८६३ पासून ती दोन व १९०७ पासून चार वर्षांची झाली. रेल्वे, धान्यबाजार व मांसउद्योग यांमुळे शहर झपाट्याने वाढले. आयर्लंड, जर्मनी, पोलंड, बोहीमिया, इटली इ. ठिकाणांहून आलेले कामगार आपापल्या वस्त्या करून राहू लागले. परक्या देशात आलेल्या या माणसांना काम मिळवून देणारा, थंडीत कोळसा पुरविणारा व पोलिसांकडून सोडवून आणणारा प्रभागातील पुढारी हाच सरकारचा दृश्य अवतार वाटे. त्या उपकाराची फेड मताने होई. पहिल्या प्रभागातील मायकेल केना व जॉन कॉफलिन ही जोडगोळी या प्रकारच्या राजकारणासाठी प्रसिद्ध होती. ट्राम व वीज यांसारख्या सेवांचे परवाने देताना परिषदेत उघड सौदे होत असत.

याविरुद्ध सुधारणावादी नागरिकांनी १८९६ मध्ये ‘म्युनिसिपल व्होटर्स लीग’ ही संस्था स्थापन केली. प्रत्येक उमेदवाराच्या कामगिरीचा आढावा प्रसिद्ध करून तिने अनेक भ्रष्ट सभासदांना पराभूत करण्यास हातभार लावला. त्यापूर्वी १८९५ मध्ये नागरी सेवेत गुणवत्तेनुसार भरती करण्याचा कायदा झाला होता. परंतु ‘तात्पुरत्या’ नेमणुकांच्या पळवाटेने तो बऱ्याच अंशी निष्प्रभ झाला. १९१३ मध्ये इलिनॉय विधिमंडळाने स्त्रियांना नगर-निवडणुकांत मताधिकार दिला. कृष्णवर्णीय स्त्रियांना संघटित करण्यासाठी आयडा वेल्स यांसारख्या कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी एक मताधिकार मंडळ काढले आणि १९१५ मध्ये दुसऱ्या प्रभागातून ऑस्कर डी प्रीस्ट हा परिषदेचा पहिला कृष्णवर्णीय सभासद निवडून आला. पूर्वी ३५ प्रभागांतून प्रत्येकी दोन सभासद निवडले जात. १९२३ पासून ५० प्रभाग व प्रत्येकी एक सभासद ही सध्याची रचना सुरू झाली.

पक्षयंत्राचा उदय : १९३१ च्या निवडणुकीत बोहीमियात जन्मलेल्या अँटन सर्माक (१८७३–१९३३) याने रिपब्लिकन महापौर विल्यम हेल थॉम्पसन याचा पराभव केला. त्यानंतर शिकागोत रिपब्लिकन पक्षाचा महापौर झालेला नाही. सर्माकने आयरिश पुढाऱ्यांची मक्तेदारी मोडून पोल, चेक, ज्यू, जर्मन अशा विविध समूहांना एका संघटनेत आणले. नियोजित राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्यासमवेत असताना फेब्रुवारी १९३३ मध्ये मायामी येथे त्याला गोळी लागली व मार्चमध्ये तो मरण पावला. पण त्याने उभारलेले पक्षयंत्र टिकून राहिले. एडवर्ड केली (कार. १९३३–४७) व पक्षाध्यक्ष पॅट्रिक नॅश यांनी ते अधिक बळकट केले.

या यंत्राची घडण साधी व कार्यक्षम होती. प्रत्येक प्रभागाला पक्षाचा एक प्रभागप्रमुख असे. प्रभाग काहीशे मतदारांच्या लहान लहान मतदान-विभागांत वाटलेला असून प्रत्येक विभागावर एक विभागनायक नेमलेला असे. तो बहुधा नगरपालिकेत किंवा परगण्याच्या कार्यालयात पक्षाच्या शिफारशीने लागलेला नोकर असे. आपल्या विभागातील प्रत्येक कुटुंबाची अडचण जाणणे, ती दूर करणे आणि मतदानाच्या दिवशी ठरलेली मते आणून देणे, हे त्याचे काम. मते घटली तर नोकरीवर गदा येई. पक्षाच्या उमेदवारांची यादी मोजके प्रभागप्रमुख बंद खोलीत ठरवीत. डेमॉक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत यादीतील उमेदवार जिंके आणि त्यानंतरची सार्वत्रिक निवडणूक बहुधा औपचारिक ठरे.

रिचर्ड जे. डेली (१९०२–७६) याच्या काळात या यंत्राने कळस गाठला. तो १९५३ मध्ये कुक परगण्याच्या पक्षशाखेचा अध्यक्ष आणि १९५५ मध्ये महापौर झाला. पक्ष व शासन या दोहोंच्या किल्ल्या एका हाती आल्या. सहा वेळा निवडून येऊन डिसेंबर १९७६ मध्ये मृत्यूपर्यंत तो अधिकारावर राहिला. शहराच्या मध्यभागाची पुनर्रचना, महामार्ग व विमानतळ यांची उभारणी ही त्याच्या कारकीर्दीची जमेची बाजू. परंतु दक्षिण व पश्चिम भागांतील कृष्णवर्णीय वस्त्यांची घरे, शाळा व पोलीस यांविषयीची गाऱ्हाणी उपेक्षित राहिली. १९६३ च्या चुरशीच्या लढतीत डेलीला तारले ते याच वस्त्यांतील मतांनी. मते यंत्राकडे जात होती. पण त्यांचा मोबदला मतदारांना त्या प्रमाणात मिळत नव्हता. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोत खुल्या घरवसाहतींसाठी चळवळ केली, तेव्हा ही विसंगती सर्व देशापुढे आली.

पक्षयंत्राचा ऱ्हास : यंत्राला पहिला मोठा धक्का मतपेटीतून नव्हे, तर न्यायालयातून बसला. मायकेल शॅकमन या वकिलाने १९६९ मध्ये राज्यसंविधान परिषदेसाठी यंत्राच्या विरोधात निवडणूक लढविली व तो पराभूत झाला. राजकीय नोकऱ्यांच्या पद्धतीमुळे उमेदवार व मतदार यांचे समान हक्क हिरावले जातात, असा दावा त्याने केंद्रीय न्यायालयात दाखल केला. १९७२ मध्ये संमतीने झालेल्या हुकूमनाम्याने राजकीय कारणावरून नोकरांस काढून टाकण्यास, तर १९८३ च्या हुकूमनाम्याने राजकीय कारणावरून भरती करण्यास मनाई झाली. अंमलबजावणी सावकाश झाली. शहरावरील न्यायालयीन देखरेख २०१४ मध्ये उठविण्यात आली. तथापि विभागनायकाच्या हातातील मुख्य साधन तोपर्यंत निसटले होते.

दुसरा धक्का निसर्गाच्या निमित्ताने बसला. डेलीच्या जागी आलेला मायकेल बिलँडिक याच्या कारकीर्दीत जानेवारी १९७९ मध्ये प्रचंड हिमवृष्टी झाली. रस्ते मोकळे होईनात; उन्नत रेल्वेच्या गाड्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील काही स्थानके वगळून धावू लागल्या. दैनंदिन सेवा हाच ज्या यंत्राचा आधार, ते नेमके सेवेतच अपयशी ठरले. फेब्रुवारीतील प्राथमिक निवडणुकीत जेन बर्न हिने बिलँडिकचा पराभव केला आणि ती शहराची पहिली स्त्री-महापौर झाली. निवडून आल्यावर मात्र तिने जुन्या पुढाऱ्यांशीच जुळवून घेतले. त्यामुळे तिला निवडून देणाऱ्या कृष्णवर्णीय मतदारांत निराशा पसरली.

१९८३ ची निवडणूक : शिकागोच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची स्थानिक निवडणूक होय. १९८२ मध्ये वस्ती-संघटना, चर्च व स्वयंसेवक यांनी मोठी मतदारनोंदणी मोहीम काढून एक लाखाहून अधिक नवे मतदार नोंदविले. प्रतिनिधिगृहाचा सभासद हॅरल्ड वॉशिंग्टन (१९२२–८७) उमेदवारीस उभा राहिला. प्राथमिक निवडणुकीत त्याच्यासमोर विद्यमान महापौर जेन बर्न आणि दिवंगत महापौराचा पुत्र रिचर्ड एम. डेली असे दोन उमेदवार होते. श्वेतवर्णीयांची मते त्या दोघांत विभागली गेली आणि सु. ३६ टक्के मते मिळवून वॉशिंग्टन विजयी झाला, बर्नला सु. ३४ व डेलीला सु. ३० टक्के मते पडली.

एरवी औपचारिक ठरणारी एप्रिलमधील लढत या वेळी अटीतटीची झाली. डेमॉक्रॅटिक पक्षाच्या अनेक प्रभागप्रमुखांनी स्वतःच्या पक्षाच्या उमेदवाराकडे पाठ फिरवून रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन याला उघड वा छुपा पाठिंबा दिला. प्रचाराला वर्णद्वेषाचे तीव्र स्वरूप आले. नोंदणीकृत मतदारांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी मतदान केले. वॉशिंग्टनला सु. ५२ टक्के मते मिळाली. मताधिक्य ५० हजारांहूनही कमी होते. तो शिकागोचा पहिला कृष्णवर्णीय महापौर ठरला. कृष्णवर्णीयांचा जवळजवळ एकमुखी पाठिंबा, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या मतदारांचे बहुमत आणि सरोवरकाठच्या उदारमतवादी श्वेतवर्णीयांचा काही भाग, यांच्या युतीचा हा विजय होता.

परिषदेतील संघर्ष व प्रभागसीमांचा प्रश्न : महापौरपद जिंकले तरी परिषद जिंकता आली नव्हती. एडवर्ड व्हर्डोल्याक याच्या नेतृत्वाखाली २९ सभासदांनी महापौरविरोधी गट केला. महापौराच्या बाजूस २१ सभासद उरले. विरोधी गटाने सर्व समित्या ताब्यात घेतल्या व महापौराच्या नेमणुका अडवून धरल्या. महापौर त्यांच्या वटहुकुमांवर नकाराधिकार वापरी. तो मोडण्यास लागणारी ३४ मते विरोधकांकडे नव्हती. तीन वर्षे कारभार असा कुंठित राहिला.

या कोंडीचे मूळ नकाशात होते. १९८० च्या जनगणनेनंतर १९८१ मध्ये आखलेल्या प्रभागसीमांनी कृष्णवर्णीय व लॅटिनो मतदारांची ताकद कमी केली, असा दावा केंद्रीय न्यायालयात करण्यात आला व तो मान्य झाला. सीमा पुन्हा आखण्यात आल्या आणि सात प्रभागांत मार्च १९८६ मध्ये विशेष निवडणुका झाल्या. काही ठिकाणी निर्णायक फेरी एप्रिलअखेरीस घ्यावी लागली. तीतच २६ व्या प्रभागातून लुइस गुटिएरेझ निवडून आला. परिषद २५ विरुद्ध २५ अशी विभागली गेली व महापौराच्या निर्णायक मताने सत्ता त्याच्या बाजूस आली. मतदार तेच होते. सीमा बदलताच सत्तेचे पारडे फिरले.

१९८७ मध्ये वॉशिंग्टन पुन्हा निवडून आला. परंतु २५ नोव्हेंबर १९८७ रोजी कार्यालयात काम करीत असतानाच त्याला हृदयविकाराचा झटका येऊन त्याचे निधन झाले. सभागृहाबाहेर हजारो निदर्शक जमलेले असताना परिषदेने २ डिसेंबरच्या पहाटे यूजीन सॉयर या कृष्णवर्णीय सभासदाची हंगामी महापौर म्हणून निवड केली. त्याला मुख्यतः वॉशिंग्टनच्या विरोधकांची मते मिळाली होती. वॉशिंग्टनची युती यामुळे दुभंगली. १९८९ च्या विशेष निवडणुकीत रिचर्ड एम. डेली विजयी झाला व २०११ पर्यंत, म्हणजे वडिलांपेक्षाही अधिक काळ, तो महापौर राहिला.

बहुमताची अट : रिपब्लिकन बहुमत असलेल्या राज्यविधिमंडळाने १९९५ मध्ये पक्षीय प्राथमिक निवडणुका रद्द करून निम्म्याहून अधिक मतांची अट घातली. मते विभागून ३६ टक्क्यांवर उमेदवारी मिळविण्याचा १९८३ सारखा प्रसंग पुन्हा येऊ नये, असा यामागे उद्देश असल्याची टीका झाली. तर बहुसंख्यांचा पाठिंबा असलेलाच महापौर व्हावा, असे समर्थकांचे म्हणणे होते. या अटीची कसोटी लागण्यास वीस वर्षे जावी लागली. २०११ मध्ये राम इमॅन्युएल पहिल्याच फेरीत निवडून आला. २०१५ मध्ये मात्र त्याला निम्मी मते मिळाली नाहीत व महापौरपदासाठी पहिल्यांदाच निर्णायक फेरी झाली. तीत त्याने हेसूस गार्सिया याचा सु. ५६ विरुद्ध ४४ टक्क्यांनी पराभव केला.

२०१९ मध्ये १४ उमेदवार उभे होते. केवळ सु. १७·५ टक्के मते मिळवून लोरी लाइटफूट ही पहिल्या व सु. १६ टक्के मते मिळवून टोनी प्रेकविंकल ही दुसऱ्या क्रमांकावर आली. दोघीही कृष्णवर्णीय होत्या. निर्णायक फेरीत लाइटफूटने सर्व ५० प्रभाग जिंकले. २०२३ मध्ये तीच पहिल्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर फेकली गेली. पहिल्या फेरीत पॉल व्हॅलस याला सु. ३३ व ब्रँडन जॉन्सन याला सु. २२ टक्के मते पडली. परंतु निर्णायक फेरीत शिक्षक संघटनेचा पाठिंबा असलेला जॉन्सन सु. ५२ टक्के मतांनी विजयी झाला. कृष्णवर्णीयांची वाट रोखण्यासाठी केल्याचा आरोप ज्या नियमावर झाला, त्याच नियमाखाली लागोपाठ दोनदा कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. नियमाचे परिणाम नियम करणाऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणेच होतात असे नाही, हे यावरून दिसते.

नवी निर्वाचित मंडळे : शिकागोचे शिक्षणमंडळ परंपरेने नियुक्त असे, १९९५ पासून त्यावर महापौराचे पूर्ण नियंत्रण होते. १९८८ च्या कायद्याने मात्र प्रत्येक शाळेसाठी निर्वाचित स्थानिक शाळासमित्या आल्या. त्यांत पालकप्रतिनिधींचा वाटा सर्वांत मोठा असून पालकांना मतदानासाठी नागरिकत्वाची अट नाही. स्थलांतरितांच्या या शहरात ही तरतूद लक्षणीय होय. २०२१ च्या कायद्याने २१ सभासदांचे शिक्षणमंडळ टप्प्याटप्प्याने निर्वाचित करण्याचे ठरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा सभासद प्रथमच निवडले गेले, उरलेले महापौराने नेमले आणि जानेवारी २०२५ मध्ये मंडळ कामास लागले. जानेवारी २०२७ पासून मंडळ पूर्णतः निर्वाचित असावे, अशी कायद्याची तरतूद आहे. पोलीस खात्यावर नागरिकांचा अंकुश असावा, या मागणीतून २०२१ मध्ये २२ पोलीस-विभागांसाठी प्रत्येकी तीन सभासदांच्या समित्या निर्माण करण्यात आल्या. त्यांची पहिली निवडणूक फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली.

मूल्यमापन : शिकागोच्या स्थानिक निवडणुका आज पूर्वीपेक्षा अधिक खुल्या आहेत, यात शंका नाही. नोकरीच्या भीतीने मत देण्याचे दिवस संपले आहेत. बंद खोलीत ठरलेल्या यादीला पूर्वीचे बळ राहिलेले नाही आणि एकेकाळी सत्तेपासून दूर ठेवलेले समूह महापौरपदापर्यंत पोहोचले आहेत. परंतु दोन प्रश्न शिल्लक राहतात.

पहिला प्रश्न प्रभागसीमांचा. दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर सीमा आखण्याचे काम नगरपरिषदच करते; म्हणजे सभासद आपले मतदार स्वतः निवडतात. ४१ सभासदांचा पाठिंबा असलेला नकाशा लोकमताविना अंमलात येतो. तो न मिळाल्यास पर्यायी नकाशे मतदारांपुढे ठेवता येतात. १९९२ मध्ये असे लोकमत घेण्यात आले होते. २०२२ मध्ये ४३ विरुद्ध ७ मतांनी संमत झालेल्या नकाशात कृष्णवर्णीय बहुसंख्येचे १६, लॅटिनो बहुसंख्येचे १४ आणि आशियाई वंशीयांच्या बहुसंख्येचा पहिलाच एक प्रभाग ठेवण्यात आला. तो सभासदांमधील वाटाघाटींतून ठरला. मतदारांना त्यावर मत देण्याची संधी मिळाली नाही.

दुसरा प्रश्न मतदानाच्या प्रमाणाचा. १९८३ मध्ये ८० टक्क्यांहून अधिक असलेले मतदान २०१९ च्या निर्णायक फेरीत सु. ३३ आणि २०२३ च्या निर्णायक फेरीत सु. ३९ टक्के इतके घसरले. इतर निवडणुकांपासून वेगळी, फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीतील पहिली फेरी, पक्षचिन्हांचा अभाव आणि उमेदवारांची मोठी संख्या ही कारणे त्यासाठी दिली जातात. परंतु पक्षयंत्राचा विभागनायक कितीही स्वार्थी असला, तरी तो मतदाराच्या दाराशी जात असे. त्याच्या जागी दुसरे कोणी तितक्या नित्यनेमाने गेलेले नाही, हेही एक कारण मानले पाहिजे. १९८३ मध्ये ती उणीव स्वयंसेवकांनी दारोदार हिंडून भरून काढली आणि शहराचे राजकारण पालटले. मतदान थोडे झाले, म्हणजे संघटित अल्पसंख्य गटांचे वजन वाढते आणि जुनी यंत्रे गेली तरी त्यांची जागा नव्या संघटना घेतात. न्यायालयांनी नोकऱ्यांचा व विधिमंडळाने मतपत्रिकेचा प्रश्न सोडविला. मतदाराला मतदानकेंद्रापर्यंत आणण्याचा प्रश्न मात्र कोणत्याही हुकूमनाम्याने सुटणारा नाही.